कानामागचा वास

२ डिसेंबर, मंगळवार

आज सकाळी सव्वादहाले राखीले पोरगी झाली. मेहकरच्या सरकारी दवाखान्यात. वजन पावनेतीन किलो. दोघी बऱ्या हायेत.

ही डायरी जानेवारीत बियान्याच्या दुकानात फुकट भेटली होती. अकरा महिने पेटीत कोरी पडून होती. आता लिहिते. मी सातवीलोक शिकली, अक्षर वाचता येते एवढं पुरे. लिहाचं कारन एकच. दोन वर्साखाली राखीचं पहिलं पोरगं नवव्या दिवशी गेलं. डाक्टरनं इचारलं, दूध कधी सोडलं, आंग कधी ताठलं. गजेंद्र म्हने सोमवारी, राखी म्हने रविवारी, मी म्हने त्याच्याबी आधी. तिघाचे तीन दिवस. डाक्टरनं पेन खाली ठेवला. ते मले लय लागलं. या टायमाले कोनी इचारलं तं कागदावर असन.

गजेंद्र माहा लेक. राखी सून, अन भाची बी. माहा भाऊ शंकरराव, त्याची पोरगी. लग्न मीच जुळवलं. घरातलीच पोरगी, चौकशीचं कामच नाई.

पोरीचं नाक माह्यावर गेलं.

४ डिसेंबर, गुरुवार

जानेफळले घरी आनली. काल अख्खा दिवस लाडू वळले. डिंक, खारीक, खोबरं, गूळ, अन मेथी दोन मुठी जास्तीची, दुधासाठी. डबा राखीच्या खाटेजवळ ठेवला. सकाळी एक, दिवेलागनीले एक.

"आत्या, मले मेथी नाई जात वो."

"औषध हाये, जिलबी नाई. मागच्या टायमाले बी हेच नखरे केले, दूध पातळ राह्यलं. मंग काय झालं ते पाह्यलं ना?"

गजेंद्रनं माह्याकडं पाह्यलं. पाह्यना का, खरं तेच बोलली मी. लग्नाआधी हीच पोरगी मले तू म्हने, तोंडाले तोंड दे. आता तुमी म्हनते अन भिंतीकडं पाह्यते.

५ डिसेंबर, शुक्रवार

तानाबाई न्हाऊ घालाले आली. अर्ध्या गावाचे लेकरं तिच्या पायावर न्हाले. तेल लावता लावता ती थांबली, पोरीच्या कानामागं नाक लावलं.

"कोकिळाबाई, पोरीले मेथीचा वास येऊन राह्यला."

मी हुंगलं. खरंच. मेथी, अन तिच्यामागं जरासा गुळाचा पाक लागल्यावानी वास.

"लाडू लागू पडले," म्हनलं.

"एका दिवसात?"

"माह्या हातचे हायेत."

"मंग बराबर. तुमच्या हाताले मेथी बी भेत असन," तानाबाई म्हने अन फदफदा हसली.

वासाचं मले कोनी शिकवू नये. डब्यातलं तूप खवट झालं का नाई हे मी झाकन न उघडता सांगते.

६ डिसेंबर, शनिवार

पाचवी. सटवाई पुजली. पाटापाशी कोरा कागद अन पेन ठेवा लागते, ती येऊन लेकराचं नशीब लिहून जाते म्हनतात. कोरा कागद शोधत कुठं बसू, हीच डायरी उघडून ठेवते.

लाडवाचा डबा पाह्यला. बराबर चालू हाये, रोजचे दोन. शेवटी ऐकलं.

चहाले आज मेथीचा वास. शेळीच्या दुधालेच येऊन राह्यला. यंदा आपल्या वावरात मेथी नाई, सुटून कोनाच्या मळ्यात घुसली असन. गजेंद्रले म्हनलं दोरी आखूड कर. तो म्हने सुटलीच नाई. मंग काय मेथी चालत आली?

पोरगी दूध कमी पेली. झोपूनच हाये. गरीब लेकरू हाये, बरं झालं.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी डायरी उचलली. पान कोरंच. कोरंच राह्यते, मले मालूम हाये. तरी पाह्यलं.

पोरगी ओढतच नाई. तोंडात देल्लं का सोडून देते. झोपीत पाय असे हालवते जशी सायकल चालवून राह्यली.

राखी म्हने, "आत्या, तसंच होऊन राह्यलं."

"कसंच?"

"त्याच्यावानीच."

"वंगाळ बोलू नको," मी खेकसली. माहा आवाज एवढा मोठा निंघाला का पोरगी दचकाले पाह्यजे होती. दचकली नाई.

मेहकरले एका डाक्टरकडं नेलं. त्यालेबी वास आला. "बाई मेथी खातात का?" राखीच्या आधी मीच बोलली, रोज दोन लाडू. मंग तो म्हने त्याचाच वास, जराशी कावीळ हाये, कोवळं ऊन दाखवा, पाजत राहा. परत आलो. चमच्यानं पाजलं. अर्धं बाहेर आलं.

आज सहावा दिवस. मी काई मोजून नाई राह्यली.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी पोरगी मागं वाकली. डोकं अन टाचा मागं, पोट वर. रडनं असं का मांजराचं पिल्लू. गजेंद्रनं मले इचारलंबी नाई, गाडी बोलावली अन सीधा बुलढाण्याले, लेकराच्या दवाखान्यात. काचेच्या पेटीत ठेवली.

तिथली डाक्टरीन स्वरदाबाई म्हून हाये. तिशीतली, पुस्तकावानी बोलते. तिनं नळी-सुई लावाच्या आधी पोरीच्या कानामागं हुंगलं. मंग माह्याकडं पाह्यलं. ते पाह्यनं मले आवडलं नाई.

"आजी, हा वास दोन कारणांनी येतो. आईने मेथी खाल्ली असेल तर येतो. आणि एक आजार आहे, त्यात बाळाला दुधातलं काही पचत नाही, ते रक्तात साठतं आणि मेंदूला विषासारखं लागतं. त्यालाही हाच वास. वासाचा पदार्थ दोन्हीकडे एकच असतो. नाकाला फरक कळत नाही."

"मंग कोनाले कळते?"

"यंत्राला. टाचेचं रक्त या कागदावर घेते, मुंबईला पाठवते. तिथे ते रक्तातला एकेक रेणू तोलतात."

"तोलतात? थेंबाच्या आतलं?"

"सोनाराचा काटा गुंजेचा फरक दाखवतो ना? हा काटा गुंजेचे अब्ज तुकडे केले तरी त्यातला एक वेगळा सांगेल."

मले ते भगताच्या बोलन्यावानी वाटलं. टाचेले टोचलं, जाड कागदावर चार थेंब घेतले. कुंकवाचे बोटं वाटे. तीन-चार दिवस लागतीन म्हने.

"तोपर्यंत आईचं दूध बंद ठेवू. सलाईनमधून साखर देऊ."

माहं डोकं फिरलं. "दूध बंद? आधीच लेकरू सुकलं. वासापायी उपाशी माराचं का? मेथी खाऊन राह्यली तिची माय, रोज दोन, मी माह्या हातानं वळले लाडू."

डाक्टरीननं राखीले इचारलं, "खाता ना तुम्ही?"

राखीनं माह्याकडं पाह्यलं. मान हलवली, हो म्हून.

"तरीही मला थांबवायचंय," डाक्टरीन म्हने. मी नाई म्हनलं. गजेंद्र मधात उभा, माह्याकडं पाह्य, तिच्याकडं पाह्य. शेवटी त्यानं कागदावर सही केली, का आमीच दूध चालू ठेवाले सांगतलं. डाक्टरीन म्हने, "ही सही मला मान्य नाही, पण बाळ तुमचं आहे."

नळीनं दूध चालू हाये. राखी वाटीत काढून देते, मी सिस्टरच्या हातात नेऊन देते. दर दोन घंट्याले. आजच्या पाच वाट्या झाल्या.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी पोरगी श्वास घ्याची थांबली. धावपळ झाली. आता मशीन तिच्यासाठी श्वास घेते.

स्वरदाबाईनं आमाले खोलीत बसवलं. "जन्मापासून सांगा, दिवसावार."

मी पिशवीतून डायरी काढली. खोटं काऊन लिहू, मले तवा मोठेपना वाटला. या टायमाले कोनी पेन खाली ठेवनार नाई. चष्मा लावला अन मोठ्यानं वाचली. पाचवीच्या पानावर आली. लाडू बराबर चालू, चहाले मेथीचा वास, शेळीच्या दुधाले, यंदा आपल्या वावरात मेथी नाई.

स्वरदाबाईनं हात वर केला. "थांबा. शेळीला मेथी कुठून मिळाली?"

"तेच तं. कोनाच्या तरी मळ्यात..."

"सुटलीच नव्हती ती," गजेंद्र म्हने. हळूच म्हने.

डाक्टरीन माह्याकडं नाई पाहून राह्यली. राखीकडं पाहून राह्यली. मी अजून मळ्याचंच सांगून राह्यली होती, कुंपन, दोरी. मंग माह्या ध्यानात आलं का माह्याशिवाय कोनी बोलून नाई राह्यलं.

राखी खुर्चीवरून खाली फरशीवर बसली.

"मी एकबी नाई खाल्ला, आत्या. शेळीले घातले."

"काऊन वं?" माह्या तोंडातून तेवढंच.

"त्याच्या डोकशाले बी असाच वास होता. त्याले मांडीवरून उचलून नेलं तरी माह्या लुगड्याले होता. मेथी पाह्यली का मले तोच आठवते, घास उतरत नाई. डबा भरून राह्यला असता तं तुमी म्हनल्या असत्या, हिनंच मारलं."

"मंग काल काऊन मान हलवली?"

मले उत्तर मालूम होतं.

मागच्या टायमाले पोराले वास होता हे मले मालूम नव्हतं. का आला होता अन मी म्हनलं लाडू? आठवून पाह्यते तं आठवत नाई. तवा डायरी नव्हती.

स्वरदाबाई उठूनच गेली होती. "दूध बंद, आत्ता," असा तिचा आवाज आला. गजेंद्र धावला, कालचा कागद मागून घेतला अन सहीवर आडवी रेघ मारली. पेन कागदातून पार गेला.

मी बाहेर आली. राखीनं मघा काढलेली वाटी बाकड्यावर होती, झाकून. ती हातात घेऊन किती वेळ उभी राह्यली. कुठं ठेवाची ते समजे ना.

१० डिसेंबर, बुधवार

नववा दिवस.

पोरगी हाये.

शंकरराव आला. पोरीजवळ जाऊन बसला, राखीच्या डोक्यावरून हात फिरवला, मले काई बोलला नाई. तो बोलला असता तं बरं झालं असतं.

स्वरदाबाईनं इचारलं, "नात्यातलं लग्न का?" मी म्हनलं, "यात काय लपवाचं, मामाची पोरगी केली, आमच्यात होते." तिनं कागदावर गोल अन चौकोन काढले, रेघा ओढल्या. "तुमच्या भावंडांमध्ये कोणी असं लहानपणी गेलं होतं?"

मी नाई म्हननार, तं शंकरराव बोलला, "दोघं. आपल्या मायचे. तू लहान होती. माय म्हने, लय गोड लेकरं होते, आंगाले गुळाचा वास ये, म्हून देवानं नेले."

हे मायचं बोलनं मीबी शंभर खेपा ऐकलं. कवतिकच समजली.

डाक्टरीननं एक रेघ शंकररावाकडून राखीवर आनली. दुसरी माह्याकडून गजेंद्रवर. दोन्ही खाली पोरीच्या गोलात नेल्या. "दोघांकडूनही आलं तरच हा आजार होतो," म्हने. "तुमचा दोष नाही, आजी, हे कोणाला दिसत नाही." मी म्हनलं, कागद मोडून ठेवा आता.

११ डिसेंबर, गुरुवार

काई नाई. बाकड्यावर बसून. काचेच्या आत एवढीसी पोरगी अन सात नळ्या. देवाचं नाव घ्याले गेली तं त्या काट्याचाच विचार येते. खाली येते का वर जाते.

एक गोष्ट लिहून ठेवते, फालतू हाये. मले वाटून राह्यलं का काटा आजार नाई म्हनन तं बरं. मंग वाटलं, नाई म्हनला तं ही कायनं मरून राह्यली ते कोन सांगन? कशाची मन्नत मागू तेच समजत नाई.

१२ डिसेंबर, शुक्रवार

रिपोट आला. आजारच हाये.

स्वरदाबाईनं मले जवळ बसवून सांगतलं. आता ती मले घाई करत नाई, त्याचं वेगळंच भेव वाटते. ल्युसीन म्हून एक असते, दुधात, डाळीत, सगळ्यात. ते पोरीच्या रक्तात पाह्यजे त्याच्या वीसपट झालं.

"मेथीनं नाई वाढलं, कायवरून?" मी इचारलं. सवय, दुसरं काय.

ती चिडली नाई. "चांगलं विचारलंत. ल्युसीनची भावंडं आहेत, वजन अगदी तेवढंच. नुसत्या वजनाने काटाही फसतो. म्हणून त्यांना आधी एका बारीक नळीतून पळवतात. जो तो आपल्या चालीने बाहेर येतो, मग तोलतात. त्यातलं एक भावंड याच आजारात वाढतं. मणभर मेथी खाल्ली तरी ते असं वाढत नाही. तुमच्या नातीत ते आहे."

चार वाळले थेंब, मुंबईतलं मशीन, पोरीचं तोंडबी पाह्यलं नाई त्यानं, अन बराबर सांगतलं. मी मांडीवर घेऊन, कानाले नाक लावून, उलटं सांगतलं. वास बराबर होता माहा. वास तं मेथीचाच होता.

"एक दिवस जास्तीचं दूध गेलं," मी म्हनलं. "त्याचं काय झालं असन?"

"आत्ता सांगता येणार नाही. ती मान धरेल, बसेल, चालेल, तेव्हा कळत जाईल."

पाच वाट्या सोमवारच्या. रात्रीच्या सिस्टरनं नेल्या त्या मोजल्या नाई.

१८ डिसेंबर, गुरुवार

श्वासाचं मशीन काढलं. आज तिनं डोळे उघडले अन खच्चून रडली. पूर्न दवाखान्यानं आयकलं असन. गजेंद्र वऱ्हांड्यात भिंतीले तोंड लावून उभा होता, खांदे हालत होते.

मुंबईहून वेगळ्या भुकटीचा डबा आला. आता तेच तिचं दूध. मायचं दूध मापानं, औषधावानी, एवढंसंच, रक्त पाहून कमीजास्त. मोठी झाली तं डाळ नाई, दही नाई, पनीर नाई. सर्दी-तापबी अंगावर काढाचा नाई, लगेच दवाखाना. दर आठ दिवसाले टाचेचं रक्त कागदावर अन कागद मुंबईले.

वास परत आला तं थांबाचं नाई, असं स्वरदाबाईनं दोन खेपा सांगतलं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

घरी आनली. मी गाडीतून उतरून आधी घरात गेली, मेथीचा डबा, लाडवाचा डबा, पडवीत टांगलेली वाळली मेथी, सगळं तानाबाईले देऊन टाकलं. ती म्हने, "एवढी मेथी? कोकिळाबाई, माहं बाळंतपन व्हाचं वय राह्यलं नाई वो." मी हसली नाई. तिले सांगतलं, हे खाऊन पोरीले न्हाऊ घालाले येऊ नको. त्या दिवशी तूप-पोळी खाऊन ये.

या घरात आता मेथी नाई. वास आला तं तो दुसऱ्या कशाचाच नसन.

रोज सकाळी न्हान्याच्या आधी मी हुंगते. उजव्या कानामागं, मंग डाव्या. नाक लावाच्या आधी थोडा वेळ नुसतीच बसते. राखी दारात उभी राह्यते. माहा चेहरा पाह्यते, पोरीकडं येत नाई. ती पोरीले पाजते, घेते, पन डोकशाले नाक लागू देत नाई, मान वाकडी धरते. आता दिसते मले. आधीबी दिसत असन.

३१ डिसेंबर, बुधवार

डायरीचं शेवटलं पान.

काल दिवसभर नाक वाहून राह्यलं. आज उठली तं नाक बंद. तोंडाले कपडा बांधून पोरीकडं गेली, लांबूनच वाकली, कपडा जरा खाली केला. काईच नाई. मंग चुलीपाशी गेली, हिंगाची डबी नाकाले लावली. तेबी काई नाई. राकेलची बाटली लावली. नाई.

पोरीनं सकाळी भुकटीचं दूध अर्धंच पेलं होतं. झोप आली म्हून सोडलं का दुसऱ्या कशापायी? कालचं हुंगलेलं खरं होतं का कालबी नाक बसलंच होतं? कागदाचं रक्त सोमवारी गेलं, रिपोट अजून आला नाई. गजेंद्र वावरात. तानाबाईचा आज खाडा.

राखीले हाक मारली. "हुंग."

ती उभीच.

"मले वास येऊन नाई राह्यला. तू हुंग."

"माह्याच्यानं नाई होनार, आत्या."

"मले मालूम हाये," मी म्हनलं. "पन माहं नाक गेलं. अन असंबी ते काय कामाचं निंघालं?"

ती खाली बसली. पोरीले मांडीवर घेतलं. किती वेळ तिच्या टाळूकडंच पाहून राह्यली. मंग डोळे मिटले अन वाकली. उजव्या कानामागं. मंग डाव्या. मंग टाळूवर. तिथंच नाक ठेवून राह्यली, उठेच ना. तिची पाठ हालून राह्यली होती. मी खाट धरली.

"काय वं? काय हाये?"

"तेल," ती म्हने. "तेलाचा वास हाये. अन तिचा."

"खरं सांगतं का?"

तिनं डोकं वर केलं. डोळे पानी-पानी, पन माह्याकडंच पाहून राह्यली होती, भिंतीकडं नाई.

"आता शेळीले काई घालत नाई मी, आत्या. तुले खरंच सांगते."

मी खाटेवर बसली. राखीनं पोरीले पुन्हा हुंगलं, मी सांगतलं नव्हतं तरी.